एकतिसावा रकाना

१

आवाज आधी आला की भाकरी आधी आली, हे सावळाराम सरांना आता छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. पंचाहत्तरी उलटल्यापासून त्यांच्या आठवणींचं तपासलेल्या पेपरांच्या गठ्ठ्यासारखं झालं आहे. पेपर सगळे आहेत, पण कुणीतरी दोरी सोडून पुन्हा बांधावी तसा क्रम हललेला. चाळीस वर्षं बारामतीत संख्याशास्त्र शिकवलेला माणूस. या प्रकरणात त्यांना साक्षीला उभं केलं, तर पहिली हरकत तेच घेतील.

पण छबूबाईचा हात त्यांना पक्का आठवतो. त्यात चूक नाही.

पत्नी जयवंताबाई गेल्या, तेव्हापासून छबूबाई सरांकडे स्वयंपाकाला होती. पिंपळीहून सकाळी वडापच्या रिक्षानं यायची, भाजी-आमटी उरकायची आणि साडेअकराच्या सुमाराला परात पुढ्यात ओढून भाकरी थापायला बसायची. तरुणपणी कडबाकुट्टीच्या पात्यात तिच्या उजव्या हाताच्या अनामिकेचं टोक गेलं होतं. त्यामुळे तिच्या थापण्याला स्वतःचा एक ठेका होता. तीन थापा भरभर, मग भाकरी फिरवायला किंचित थांबणं, मग चौथी, हलकी. भाकरीच्या कडेला बोटांचे ठसे उमटत, त्यांतला तिसरा कायम उथळ असे. पण ती भाकरी तव्यावर अशी फुगायची, की पापुद्रा सोडवताना सर दरवेळी मनातल्या मनात हात जोडायचे.

ते वर्तमानपत्र घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकायचे.

"काय म्हणतोय पेपर, तात्या?"

"देशाची अर्थव्यवस्था वाढतेय, छबूबाई. सात टक्क्यांनी."

"आमच्या रेड्यावानी म्हणा की. चारा कुणाचा खातोय ते कळंना, पर वाढतोय बघा दणकून!"

२

विजयसिंह सरांचा जुना विद्यार्थी, इंदापूरकडचा. लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत वडलांची जमीन गेली, तर ह्या पठ्ठ्यानं त्या पैशाची गाडी घेतली नाही, की बंगला बांधला नाही. आधी डाळिंबं परदेशी धाडली, मग द्राक्षं. पंधरा वर्षांनी उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावर त्यानं 'अनाहत' नावाचं रिसॉर्ट उभं केलं. आठच खोल्या. तिथं राहायला मुंबई-पुण्याची माणसं तीन-तीन महिने आधी नाव घालत.

एका दुपारी त्याची गाडी सरांच्या दारात येऊन थांबली. इतकी गुपचूप, की आधी गल्लीतलं कुत्रं उठलं आणि मग सरांना कळलं. तो वाकून पाया पडला.

"सर, तुमी वर्गात सांगितलेलं अजून ध्यानात हाय. दहा गरीब बसल्यात त्या खोलीत एक कोट्यधीश शिरला, तर सरासरीनं सगळीच लखपती. कुणाच्या खिशात दमडी न पडता."

"आणि मी विचारलं होतं, यात चूक कुठं आहे?"

"व्हय. आन् मी म्हणलं होतं, चूक जाऊ द्या सर, त्या खोलीचं दार कुठल्या बाजूला हाय तेवढं सांगा!"

दोघंही खळखळून हसले. सरांना त्याचा अभिमान होता, आजही आहे. तो कुणाचं बुडवून मोठा झाला नव्हता. त्याला दार सापडलं होतं, एवढंच.

"दोन दिस येऊन ऱ्हावा, सर. माझी गुरुदक्षिणा समजा." असं म्हणून त्यानं एक जाड, सायीसारख्या रंगाचा कागद पुढं केला. पसंतीपत्रक. बेचाळीस प्रश्न. उशी किती मऊ हवी, चहा किती लाल, झोपेतून उठवायचं ते हाकेनं की उजेडानं. एकतिसावा प्रश्न होता : कोणाच्या हातचं काय आवडतं?

दुसरा कुणीही 'आईच्या हातची पुरणपोळी' असं लिहून मोकळा झाला असता. सरांनी आयुष्यभर जनगणनेचे, विद्यापीठाचे, संशोधनाचे फॉर्म भरलेले आणि भरून घेतलेले. अर्धवट रकाना त्यांना सहन होत नसे. त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं : 'छबूबाई, मु. पो. पिंपळी, ता. बारामती. ज्वारीची भाकरी.' आणि खाली स्वतःची सही केली.

३

'अनाहत'बद्दल वाईट बोलायला सरांना आजही जमत नाही.

सर म्हणजे कन्हेरीच्या एका शेतकऱ्याचा मुलगा, खांद्यावर कावड घेऊन विहिरीचं पाणी वाहिलेला. त्याला त्या खोलीत पाऊल टाकल्याबरोबर वाटलं, की आपल्या शरीराची ही पहिलीच खरी विश्रांती. चादर अंगाला लागत नव्हती, नुसता गारवा लागत होता. चहा हवा तितकाच लाल होता, आणि तो हवासा वाटण्याच्या एक क्षण आधी आलेला होता. समोर पसरलेलं पाणी, पाण्यात एका पायावर उभे रोहित पक्षी. वर्तमानपत्रसुद्धा सरांच्या सवयीप्रमाणे शेवटच्या पानाकडून घडी घातलेलं.

आणि माणूस एकही दिसत नव्हता. यजमान म्हणून श्रेया नावाची एक हसतमुख मुलगी होती, तेवढीच.

"हे सगळं करतं कोण?" सरांनी विचारलं.

"सर, आमच्याकडे सेवा दिसत नाही," ती म्हणाली. "दिसली की पाहुण्याला तिचं ओझं होतं."

सरांना हे फार पटलं. घरी छबूबाई घाम पुसत जेवण वाढायची, तेव्हा त्यांना घास गिळताना नेहमी थोडं अवघडल्यासारखं व्हायचं. इथं ते अवघडलेपणच कुणीतरी अलगद काढून घेतलं होतं.

जेवण भिंतीतून येई. पलंगाच्या बाजूच्या दगडी भिंतीत एक कोनाडा होता, त्याला पितळी झडप. आतून किणकिण झाली, की झडप उघडायची. आत गरम ताट तयार.

दुसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमाराला सर खुर्चीत बसले होते. किणकिण अजून व्हायची होती. भिंतीतून आवाज आला. थप थप थप. थांबा. थप.

की ताट आधी आलं, भाकरीच्या कडेचा उथळ ठसा आधी दिसला, आणि आवाज मागून मनानंच लावून दिला? सरांनी हे शेकडो वेळा घोळवलंय. एवढं मात्र नक्की, की त्यांनी भाकरी उजेडात धरून पाहिली होती. पहिला ठसा, दुसरा, मग उथळ, मग चौथा. घास मोडला. तीच चव. तोच तव्याचा किंचित करपट वास.

त्यांनी भिंतीला तळहात लावून पाहिला. दगड चुलीमागच्या भिंतीसारखा ऊन होता.

मग ते सज्जात गेले आणि कठड्यावरून वाकून भिंतीची दुसरी बाजू पाहिली. नुसता सरळ दगड, खाली पाण्यात उतरलेला. पाण्याच्या रेषेशी एक बगळा.

'खालून ताटं वर ओढणारा पाळणा असणार,' ते स्वतःला म्हणाले. 'तंत्रज्ञान कुठल्या कुठं गेलंय.' आणि परत येऊन त्यांनी उरलेली भाकरी संपवली. भाकरी फार चांगली होती.

४

बारामतीला परतले तर छबूबाई पायरीवर बसलेली. हात मांडीवर उताणे.

"काय झालं, छबूबाई?"

"काय सांगू तात्या, दोन दिस हातच उचलंनात. लाकडागत. आन् दुपारच्याला तळवं असं भाजायचं, जणू तव्यालाच चिकटल्यात. आज जरा मोकळं झाल्यात म्हणून आली."

सरांनी तिला बारामतीतल्या चांगल्या डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, नसा तपासल्या. सगळं ठीक. वयोमानानं होतं, डॉक्टर म्हणाले.

त्या दुपारी छबूबाई भाकरी थापत असताना सरांनी वर्तमानपत्र उघडलं नाही.

"असं काय बघताय, तात्या? नवी नवरी हाय का मी?"

"काही नाही," सर म्हणाले. "तिथंही भाकरी मिळाली."

"माझ्यावानी?"

"तुमच्यासारखी कुठली?" ते म्हणाले. हे मात्र त्यांना अगदी शब्दशः आठवतं, कारण त्या आठवड्यात ते बोललेलं खोटं तेवढं एकच.

५

चार महिन्यांनी विजयसिंहाचं पुन्हा बोलावणं आलं. नाही म्हणता आलं असतं.

सरांनी स्वतःला समजावलं, ते असं : एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, हे आपणच मुलांना शिकवलं. ती तिकडं आजारी पडली आणि आपण इकडं भाकरी खाल्ली, या दोन घटना एकाच वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं ठरत नाही. दुसरं निरीक्षण हवं. शास्त्र म्हणून जायला हवं. तर्क निर्दोष होता. त्या चादरीचा गारवा, त्या भाकरीचा वास त्यांना महिनाभर झोपताना आठवत होता, हे त्या तर्कात कुठं बसत नव्हतं, म्हणून ते त्यांनी बाजूला ठेवलं.

निघताना छबूबाईनं डब्यात शेंगदाण्याची चटणी दिली. "तितल्या भाकरीसंगं खावा," म्हणाली.

खोली तीच. पाणी तेच, ऊन जरा कडक. साडेअकराला सर खुर्ची कोनाड्यासमोर ओढून बसले. थप थप थप. थप. या वेळी आवाज आधी आला, याची त्यांना खात्री आहे.

किणकिण होईपर्यंत थांबायचं, असा तिथला रिवाज. सरांनी आयुष्यात कधी रिवाज मोडला नव्हता. त्यांनी झडपेच्या कडेत नख घातलं आणि ती बोटभर उघडली.

आत दिवा नव्हता, तरी दिसत होतं. दोन हात होते. मनगटापर्यंत पीठ. उजव्या हाताची अनामिका आखूड. हात थापत होते, फिरवत होते, थापत होते. मनगटामागं काय होतं हे सरांनी पाहिलं नाही. त्यांनी पाहिलंच नाही असं नाही, पाहिलं. पण तिथं पाहण्यासारखं काही सुरूच होत नव्हतं.

तिसऱ्या थापेनंतर हात थांबले. नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. डोळे नसलेली वस्तू आपल्याकडे बघते आहे असं वाटणं शास्त्राला धरून नाही. सरांना तसं वाटलं.

त्यांनी झडप लावून घेतली. हळूच, आवाज न करता, कुणाच्या घरात चुकून शिरलेला पाहुणा दार ओढून घेतो तशी. मग किणकिण झाली.

यापुढचं सरांनी कुणाला सांगितलेलं नाही. त्यांनी ताट घेतलं. छबूबाईची चटणी काढली. आणि ते जेवले. दोन भाकऱ्या खाल्ल्या, पापुद्र्यासकट.

६

छबूबाईचे हात या खेपेला मोकळे झाले नाहीत.

सर पिंपळीला गेले. छबूबाई ओट्यावर बसलेली, तिची नात निकिता तिला वाटीतून भात भरवत होती. निकिता बारामतीच्या कॉलेजात शिकत होती, आता सकाळचं कॉलेज तिनं सोडलं होतं.

"या तात्या," छबूबाई हसली. "बघा माझं राज्य. हात न हलवता जेवण! तुमच्या त्या विजयसिंहाच्या पाव्हण्यावानी."

सरांनी निकिताला बाजूला घेतलं.

"हसाल तुमी, तात्या. पर रोज जेवायच्या टायमाला आजीचं हात गरम हुत्यात. बोटं हलत न्हायती, नुसत्या शिरा हलत्यात. आन् पिठाचा वास येतो. पीठ तर मी मळती."

घरी येताच सरांनी 'अनाहत'ला फोन लावला. श्रेयानं नाव घेताच ओळखलं.

"माझ्या पसंतीपत्रकातला एकतिसावा रकाना खोडायचाय," सर म्हणाले.

"काही कमी राहिलं का, सर?"

"नाही, नाही. उत्तम होतं. फक्त तो खोडा."

"आपला खोडते, सर. पण ती भाकरी आता आम्ही सगळ्याच पाहुण्यांना देतो. आपल्याच पसंतीमुळे कळली. आठही खोल्यांत जाते, दोन्ही वेळा. लोक तेवढ्यासाठी परत येतात."

सर बसमधून इंदापूरला गेले, विजयसिंहाच्या समोर बसले. काय सांगणार? तुझ्या भिंतीत माझ्या स्वयंपाकिणीचे हात आहेत? त्यांनी एवढंच विचारलं, "विजय, तुझ्याकडे भाकरी कोण करतं?"

"खरं सांगू सर? मला बी म्हाईत न्हाय. ज्यांनी ही सगळी व्यवस्था बसवली, त्यांची पयली अटच ती. मालकानं मागं वळून बघायचं न्हाय. बघितलं की मग ती सेवा कसली, ती मजुरीच झाली की."

"ती भाकरी बंद कर. माझ्यासाठी."

विजयसिंहाचा चेहरा वर्गातल्या मुलासारखा झाला, ज्याला सरांचं मन मोडायचं नाही आणि उत्तर तर येत नाही. "सर, दुसरं काय बी मागा," तो म्हणाला. छबूबाईच्या दुखण्याचं कळल्यावर त्यानं पुण्याच्या मोठ्या इस्पितळाचा सगळा खर्च उचलला, स्वतःची गाडी पाठवली. मन मोठंच होतं त्याचं. इस्पितळातही काही निघालं नाही.

सर पुन्हा 'अनाहत'ला गेले नाहीत. त्यानं काही फरक पडला नाही.

७

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी दाराची कडी वाजली. छबूबाई उभी. हातात पिशवी, आणि ती पिशवी तिनं स्वतः धरलेली.

"सुटलं तात्या! काल रातच्याला झोपली, सकाळी उठती तर हात आपलं माझंच. सरका, चूल थंडच दिसतीया तुमची."

ती पिठात हात घालून बसली, तेव्हा सरांनी दाराशी पुन्हा खुर्ची टाकली. रोज दोन भाकऱ्या. छबूबाई गाणं म्हणायची, निकिताच्या लग्नाचं बोलायची, सरांना टोमणे मारायची. "वाळलाय नुसतं. ते पोळीवाल्या बाईचं खाऊन खाऊन पोळीवानीच दिसाय लागला." सरांनी खिशातल्या डायरीत रोज भाकऱ्यांचा आकडा लिहिला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. सवय. आनंद झाला की माणसं पेढे वाटतात, ते नोंद करत.

दहाव्या दिवशी पहिली भाकरी तव्यावर फुगली होती. दुसरी परातीत. छबूबाई सांगत होती, की दिवाळी झाली की पहिल्यासारखंच रोज यायचं, निकिताला पुन्हा सकाळच्या कॉलेजाला पाठवायचं.

थप थप थप.

सर चौथ्या थापेची वाट बघत राहिले.

छबूबाई हातांकडे बघत होती. हात पिठात टेकलेले, उघडे. तिनं खांद्यातून जोर केला. हात हलले नाहीत. तव्यावरच्या भाकरीचा करपल्याचा वास यायला लागला, आणि ती सरांकडे बघून अगदी हळू म्हणाली, "तात्या, कुणी वढतंय वो."

सरांनी तिचे तळवे आपल्या हातात घेतले. ते ऊन होते. तापत चालले होते. सरांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली, आणि परत खाली आली.

८

याला तीन वर्षं झाली. छबूबाई पिंपळीला असते, ओट्यावर, हात मांडीत घेऊन. निकिता भरवते. सर दर गुरुवारी जातात.

गेल्या महिन्यात विजयसिंहाच्या मुलीचा, राजनंदिनीचा साखरपुडा झाला. मांडवात तो सरांना हाताला धरून पुढच्या रांगेत घेऊन आला. मोठी माणसं होती, फुलं कुठल्या देशातून आलेली कुणास ठाऊक. सर मनापासून म्हणाले, की असा देखणा मांडव त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नाही. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "विजय, तुझं 'अनाहत' कधी बंद होतं का रे?"

"छ्या! दिवाळी न्हाय, दसरा न्हाय. एकदाच हुतं. तीन सालामागं धरण भरलं, तळमजल्यात पाणी शिरलं. नऊ दिस."

"कधीचे?"

विजयसिंहानं मोबाइल काढला, बोटानं मागं मागं सारत गेला. "सतरा ऑक्टोबर ते पंचवीस. सव्वीसला चालू. पुण्याची मंडळी हुती, सगळ्या खोल्या भरलेल्या. आल्या आल्या भाकरीच मागितली त्यांनी. हे बघा, श्रेयाचा मेसेज. पयलं ताट अकरा पस्तीस."

सरांनी घरी येऊन जुनी डायरी शोधली. सतरा ऑक्टोबरपासून पंचवीसपर्यंत प्रत्येक पानावर त्यांच्याच अक्षरात एकच ओळ होती : भाकऱ्या २.

सव्वीस तारखेच्या पानावर लिहिलं होतं : भाकरी १, करपली. दुसरी परातीत राहिली. ११.३५.